झोपेची गोळी एकदम बंद केली, आता काय?

प्रश्न : आईचं वय ६७. जन्मभर विड्या वळल्या. सहा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ ची गोळी सुरू झाली, ती आजही रोज रात्री दहाला घेते. मागच्या महिन्यात रात्री लघवीला उठली आणि मोरीजवळ पडली. घाबरून आम्ही गोळी बंद केली. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हात थरथरायला लागले, अंग घामानं भिजायचं. चौथ्या दिवशी पुन्हा गोळी दिली. ही सुटेल का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : सुटेल. आणि गोळी परत दिलीत हे फार बरं केलंत. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, ही गोळी त्याचा जोर वाढवते. वर्षानुवर्षं बाहेरून आधार मिळाला की मेंदूची स्वतःची ताकद त्या बाजूनं कमी पडते. आधार एका रात्रीत काढला तर थरथर, घाम, धडधड होते, काहींना फिटही येते. तेव्हा आईंचा आजार उलटला असं समजू नका, ती गोळी तुटल्याची लक्षणं होती.

पडण्याशीही गोळीचा संबंध असू शकतो. ती स्नायू सैल करते, तोल बिघडवते. तरुण माणसाच्या रक्तातला तिचा अंश निम्मा व्हायला साधारण ११ तास लागतात, वयस्करांत १६ च्या आसपास. म्हणजे रात्री दोनला आई उठतात तेव्हा बराचसा डोस अंगात असतो, सकाळी चहाच्या वेळीही. पलंग ते मोरी या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा. उठल्यावर दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसू द्या.

डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायचा. ०.२५ ची गोळी मिळते, त्यामुळे ०.५ वरून ०.३७५ (एक आख्खी आणि एक अर्धी) आणि मग ०.२५ अशी उतरण जमते. प्रत्येक पायरीवर निदान दोन ते चार आठवडे. थरथर वाढली तर त्याच पायरीवर थांबायचं, घाई नको. गाडी अडते ती शेवटी, कारण ०.२५ वरून ०.१२५ म्हणजे थेट निम्मा डोस. इथे काही डॉक्टर रक्तात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर नेऊन तीच हळूहळू कमी करतात. पाकिटावर ‘एसआर’ (म्हणजे औषध पोटात हळूहळू सोडणारी) लिहिलं असेल तर ती गोळी मोडू नका.

अजून एक गोष्ट, जी डॉक्टरांना सांगायची राहून जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नायटा घरोघरी असतो. त्यावरची इट्राकोनाझोल गोळी अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढवते, दोन्ही एकत्र घ्यायच्याच नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही प्रमाण वाढवतं. सर्दीच्या गोळ्यांतल्या क्लोरफेनिरामिननं गुंगी वाढते, म्हाताऱ्या माणसांना लघवी अडकणं, भ्रम होणं असले त्रास होतात. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून दाखवायला न्या.

मेडिकलवाला चिठ्ठी मागतो म्हणून रागावू नका. मार्च २०१४ पासून या गोळीची नोंद त्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते.

डोस उतरत असताना उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर पलंग सोडून खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की परत. दुपारी तीननंतर चहा नको.

प्रश्न : टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी आहे. सकाळी सातला घरी येऊन जेवतो आणि झोलपिडेम १० ही झोपेची गोळी घेतो. तासभर काहीच होत नाही, मग जेमतेम तीन तास झोप. दुसरी गोळी घेऊ का?
– एक कामगार, सोलापूर

उत्तर : अजिबात नको. भाकरी-कालवण पोटात असताना ही गोळी उशिरा चढते. आधी झोपा, उठल्यावर पोटभर जेवा. गोळी अंथरुणावर बसूनच घ्यायची आणि पुढचे सात-आठ तास मोकळे हवेत, नाहीतर गाडीवर झापड येते. दारू घेतली असेल त्या दिवशी गोळी नाही, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं आणि नंतर काही न आठवणं असं एकदा जरी झालं तरी गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१९ मध्ये यासाठीच सर्वांत कडक इशारा छापायला लावला. बायकांसाठी सुरुवातीचा डोस तर २०१३ मध्येच १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला होता.

मात्र मे महिन्यात पत्र्याखाली ४२ अंशांत झोप तीन तासांत मोडते ती उकाड्यानं. खिडकीला जाड चादर, दारात ओलं पोतं आणि कुलर एवढं आधी करून पाहा.