डॅश कापू नका, आधी डायनामो आणि अर्थिंग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची 1974ची प्रीमियर पद्मिनी म्हापशाच्या घरी उभी आहे, चालते, डॅशमधला दोन नॉबचा रेडिओ मात्र मुका झालाय. चतुर्थीला घरची माणसं जमतील त्याआधी चांगला स्टीरिओ बसवायचाय. दुकानदार म्हणतो, डॅश कापून नवा सेट, पुढच्या दरवाजांत सहा इंची स्पीकर आणि डिकीत सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर). करावं का?

नका करू. माझी फियाट, म्हणजे पद्मिनीच, तुमच्यापेक्षा थोडी नवी आहे, जुन्या जीडी नंबरची, फोंड्यात गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. तिच्यावर यातल्या बऱ्याच चुका होऊन गेल्यात. आता मी एकच नियम पाळतो: जे बसवू ते उद्या स्क्रू काढून परत उतरवता आलं पाहिजे, आणि खाली मूळ पत्रा जसाच्या तसा दिसला पाहिजे. आजच्या सेटला 182 बाय 53 मिलिमीटरचं भोक लागतं. जुन्या रेडिओला मध्ये डायलपुरती खिडकी आणि दोन बाजूंना नॉबची दोन भोकं. म्हणून तर दुकानदार कटर काढतो. पण पद्मिनीचा डॅश रंगवलेल्या पत्र्याचा असतो. एकदा कापला की कितीही चांगला डेंटर आणा, ती कड परत तशी येत नाही. शिवाय तुमच्या गाडीला पन्नास वर्षं झालीत. 2021 साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, त्यात गाडी मूळ रूपात असण्याला महत्त्व आहे. पुढे त्या वाटेने जायचा विचार आला तर न कापलेली गाडी हाताशी असलेली बरी.

पण डॅशपेक्षाही मला काळजी आहे ती करंटची. तिथेच जरा थांबतो, कारण दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी बॉनेट उघडून बघा, इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा डायनामो आहे की नवा अल्टरनेटर. मूळ डायनामो असेल तर त्याचा जोर साधारण वीस अँपिअरच्या आसपास धरा, आणि तोही गाडी पळत असताना. आयडलिंगला तो जवळपास काहीच देत नाही, म्हणूनच सिग्नलला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. आता पावसाळ्यातल्या रात्रीचा हिशेब करा. पंचावन्न वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे नऊ अँपिअर. वायपर तीन-चार, इग्निशन कॉइल तीन-चार, टेललाइट आणि मीटरचे दिवे दीड-दोन. झाले अठरा. सबवूफरच्या अँपला (अँप्लिफायरला) तीस अँपिअरचा फ्यूज असतो. तो करंट येणार कुठून? बॅटरीतून, आणि बॅटरी भरायला मागे काही शिल्लक नाही.

हे मी चोर्ला घाटात अनुभवलंय. जुलै महिना, धुकं, बायको आणि सासूबाई गाडीत. माझ्याही डिकीत तेव्हा सबवूफर होता. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हळू चालली होती आणि तबल्याच्या प्रत्येक डग्ग्यासरशी समोरचा उजेड पिवळा पडून परत उजळत होता. आधी वाटलं धुक्यामुळे असेल. मग जळक्या रबराचा वास आला. ज्याने सेट बसवला होता त्याने पिवळी वायर थेट इग्निशन स्विचच्या पाठीमागून घेतली होती, मध्ये फ्यूज नाही. वायरचं आवरण वितळून स्टिअरिंगच्या नळीला चिकटलं होतं. बॅटरीची क्लॅम्प हाताने ओढून काढली म्हणून गाडी वाचली. नंतरचा अर्धा तास आम्ही टॉर्च धरून रस्त्याच्या कडेला बसलो होतो, आणि सासूबाईंचा हात थरथरत होता तो मला अजून आठवतो.

म्हणून करंटची लाइन अशी घ्या: बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून एका वितीच्या आत पंधरा अँपिअरचा फ्यूज, पुढे रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा भार जोडणारा स्विच. इग्निशन स्विचने फक्त रिले चालवायचा, स्टिरिओचा भार त्याच्यावर टाकायचा नाही. नव्या सेटला पिवळी वायर कायमच्या करंटची आणि लाल किल्लीनंतरच्या करंटची असते. घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला पिवळी सतत थोडा करंट खाते. वीस मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला चौदा-पंधरा अँपिअर-तास. तुमची गाडी महिना-महिना उभी राहते, चाळीसच्या बॅटरीतला तिसरा हिस्सा असाच गेला. शक्य असेल तर सगळंच रिलेमागे घ्या.

फोंड्याच्या माझ्या मेस्तने (मेकॅनिकने) मारुती 800चा अल्टरनेटर बसवलेल्या दोन-तीन फियाट मी पाहिल्यात, छान चालतात. पण त्यात ब्रॅकेट बदलतो, पुली एका रेषेत आणावी लागते, डायनामोचा रेग्युलेटर बाजूला ठेवावा लागतो. रात्रीचा लांबचा प्रवास असेल तरच त्या वाटेला जा. नुसतं गाणं ऐकायला त्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंग, म्हणजे करंटची बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट. आपल्या हवेत मीठ आहे. गोव्यात पत्र्यावर स्क्रू मारून घेतलेली अर्थिंग दोन पावसाळ्यांत हिरवी-पांढरी होते आणि मग माणूस दोष स्पीकरला देतो. मल्टिमीटर घ्या, सेट चालू ठेवा, एक टोक सेटच्या काळ्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी गंज आहे. जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नट घट्ट आवळा, वरून ग्रीस. मी वायर घेतो ती मालीम जेटीकडे ट्रॉलरचं सामान विकतात तिथून: कथील चढवलेली तांब्याची, बोटींसाठीची. साध्या वायरीत तांबं आवरणाच्या आतून काळं पडत जातं, ही तशी राहत नाही.

आता आवाज. दरवाजे कापायला मी मनाई करतोय ती फक्त पत्र्याच्या प्रेमाने नाही. कुठल्याही गाडीत पावसाचं पाणी काचेच्या कडेने दरवाजाच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. स्पीकर नेमका त्या पाण्याच्या वाटेत येतो. त्यापेक्षा पुढे पायांच्या बाजूला, डॅशखाली, मरीन प्लायचे दोन छोटे खोके सुताराकडून करून घ्या, वर सीटच्या रंगाचं रेक्झिन. त्यात पाच इंची स्पीकर तुमच्या दिशेला जरा वळवून. मागे हवेच असतील तर काचेखालच्या फळीवर वेगळा प्लाय टाकून अंडाकृती सहा बाय नऊ. कागदी कोनचे घेऊ नका, ऑगस्टमध्ये ते ओलाव्याने मऊ पडतात आणि आवाज घोगरा होतो. पॉलिप्रोपिलीनचा कोन आणि रबराची कड बघून घ्या.

स्पीकर निवडताना खोक्यावरचे वॅट वाचू नका, सेन्सिटिव्हिटी वाचा, म्हणजे एका वॅटला किती डेसिबल आवाज निघतो ते. तीन डेसिबल जास्त म्हणजे तितक्याच आवाजाला निम्मे वॅट. सत्त्याऐंशीऐवजी त्र्याण्णव डेसिबलचा स्पीकर घेतला तर चौथ्या हिश्शाच्या वॅटमध्ये काम होतं. डायनामोच्या गाडीला यासारखा दुसरा उपाय नाही. सेटवर लिहिलेलं ‘चार गुणिले पन्नास वॅट’ हे क्षणभराचं असतं. प्रत्यक्षात चॅनेलमागे वीसच्या आसपास मिळतात आणि फियाटच्या केबिनला ते भरपूर होतात. मी जास्त करून अभिषेकीबुवांची नाट्यपदं ऐकतो. त्या आवाजाची सगळी श्रीमंती मधल्या पट्टीत आहे, सबवूफर तिथे नुसता चिखल करतो. तुमच्या घरी काय ऐकतात ते तुम्हाला माहीत, पण चतुर्थीला आरत्या आणि भजनं असतील तर तुम्हालाही सबवूफर लागणार नाही.

सेट कुठला, तर डॅशमध्ये कुठलाच नाही. ब्लूटूथचा छोटा चार चॅनेलचा अँप ग्लोव्ह बॉक्समागे किंवा सीटखाली, गाणी फोनवरून. एफएम हवंच असेल तर साधा सेट डॅशखाली ब्रॅकेटवर लटकवा, मूळ भोकांतूनच स्क्रू मारून. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला लावू नका. जुन्या रेडिओत ते चालायचं, आताच्या अँपचं आउटपुट त्याने जळतं. इंजिनाच्या वेगासोबत टिकटिक वाढली तर दोष इग्निशनचा, प्लगला पाच किलोओहमच्या रेझिस्टर कॅप लावा. कुईंsss असा सूर आला तर डायनामोचा कंडेन्सर आणि अर्थिंग बघा. सिग्नलची वायर आणि करंटची वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या.

(हे वाचणाऱ्यांत कुणाकडे मॉरिस मायनर असेल तर थांबा. ती मुळात पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला, नव्या सेटची बॉडी पत्र्याला टेकली की शॉर्ट. जुनी सहा व्होल्टची बीटल असेल तर कन्व्हर्टरशिवाय काहीच लावू नका.)

तुमचा मुका रेडिओ मात्र जागेवरच राहू द्या. तो मीडियम वेव्हचा असणार. 1946 साली इथे एमिसोरा द गोवा हे रेडिओ केंद्र सुरू झालं, मुक्तीनंतर त्याची आकाशवाणी पणजी झाली. तुमच्या आजोबांनी त्याच डायलवर ते स्टेशन लावलं असेल. कधी काढावाच लागला तर नॉब, वॉशर आणि कडेची पट्टी एका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा, आणि डब्यावर गाडीचा नंबर लिहा.