शिळी कढी की मुरलेलं लोणचं?

या सदरात गेल्या खेपेला जाता जाता लिहून गेलो की १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ या विज्ञानपटाचा ३५ वर्षांनी आलेला पुढचा भाग, ‘ब्लेड रनर २०४९’, मला मूळ चित्रपटाइतकाच आवडतो. त्यावर पत्रं आली, बरीचशी रागावलेली. त्यातली काही घेतो. ‘२०४९’ अजून पाहिला नसेल, तर तिसरा प्रश्न तूर्त सोडून द्या.

गाजलेले विज्ञानपट वीस-तीस वर्षांनी उकरून काढायचे, हा शिळ्या कढीला ऊत आणण्याचा धंदा नाही तर काय? (सातारा)

धंदा आहेच. नाव लोकांच्या तोंडी आधीच असलं की जाहिरातीचा अर्धा घाट चढून झालेला असतो. डिस्नेनं २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’वाली लुकासफिल्म कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला घेतली आणि त्याच मालिकेतल्या २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’नं एकट्यानं २०० कोटींहून अधिक गल्ला जमवला. हा आकडा पाहून बाकीच्यांनी माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या नसत्या तरच नवल.

पण हिशेब दर वेळी जुळत नाही. ‘२०४९’वर १५ कोटी डॉलरच्या वर खर्च झाला, जगभरातून आले २६ कोटींच्या आसपास. त्यातले निम्मे थिएटरवाल्यांकडे राहतात, म्हणजे तोटाच. १९८२ चा मूळ चित्रपटही तेव्हा पडलाच होता. घराण्याची परंपरा पोरानं इमानानं चालवली म्हणायची!

मी स्वतः एवढंच बघतो, की मधल्या वर्षांचं यांनी काय केलं? कढी नुसती ठेवली की आंबते, लोणचं मात्र मुरतं. जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ घ्या. आधीचा भाग १९८५ चा, हा २०१५ चा. मध्ये तो कितीदा तरी रखडला. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या वाळवंटात शूटिंग करायचं ठरलं, तर तिथं इतका पाऊस पडला की वाळवंटभर फुलं आली. जग उजाड झाल्याची गोष्ट फुलांत कशी सांगणार? सगळा बाडबिस्तारा नामिबियाला हलला. चित्रपट आला तेव्हा मिलर सत्तरीचे होते आणि चित्रपटाचा वेग विशीतल्या पोराला दम लागावा असा. सहा ऑस्कर मिळाले. मुख्य म्हणजे त्यात ‘आठवतंय का?’ म्हणून कोपरखळी मारणं जवळजवळ नाही. मॅक्सचं काम नव्या नटाकडे आहे आणि गोष्टीचा लगाम एका बाईच्या हातात आहे. आधीचे तीन भाग न पाहताही काही अडत नाही.

मूळ चित्रपटात जे गूढ ठेवलं, ते पुढच्या भागात उलगडलं तर बिघडलं कुठे? (डोंबिवली)

या प्रश्नावर माझं अनेकांशी वाजलेलं आहे. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ १९६८ चा. त्यातला हाल हा संगणक माणसं का मारतो, हे दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांनी सांगितलंच नाही. १९८४ मध्ये पीटर हायम्स यांनी त्याचा पुढचा भाग ‘२०१०’ काढला. कुब्रिक यांनी यानाची मॉडेल्स मागे ठेवली नव्हती, त्यामुळे जुन्या चित्रपटाच्या फ्रेम बघून यान पुन्हा बांधावं लागलं. मूळ कादंबरी आर्थर क्लार्क यांची. ते कोलंबोत, हायम्स लॉस एंजेलिसला, आणि दोघांची चर्चा चाललेली संगणकाला मोडेम जोडून. ते साल होतं १९८३! (चित्रपटात व्हाइट हाउससमोरच्या बाकावर कबुतरांना दाणे टाकणारा म्हातारा दिसला, तर ते खुद्द क्लार्क. आणि कादंबरीत हालचे गुरू डॉ. चंद्रा भारतीय आहेत, पडद्यावर मात्र ते काम एका अमेरिकन नटाकडे गेलं. आपल्याकडे याबद्दल अजून कुणी भांडलेलं नाही.)

इतक्या कष्टानं उत्तर काय मिळतं? हालला खोटं बोलण्याचा हुकूम होता, त्याची घडण खरं सांगण्याची, त्या ओढाताणीत तो बिघडला. उत्तर हुशार आहे, पटतंही. पण गाभाऱ्यात ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं. सगळं स्वच्छ दिसतं आणि हात जोडावेसे वाटत नाहीत.

‘२०४९’ इथंच शहाणा ठरतो. ‘ब्लेड रनर’चा नायक डेकार्ड पळालेल्या कृत्रिम माणसांची शिकार करतो. मग तो स्वतः माणूस की कृत्रिम? मूळ दिग्दर्शक रिडली स्कॉट म्हणतात कृत्रिम, डेकार्डचं काम करणारे हॅरिसन फोर्ड म्हणतात माणूस. ‘२०४९’चे दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांनी खलनायकाच्या तोंडून एक शंका सोडली आणि तिथंच थांबले.

म्हाताऱ्या किंवा वारलेल्या नटांचे चेहरे संगणकावर बनवणं तुम्हाला चालतं का? (पणजी)

बहुतेक वेळा नाही. ‘ट्रॉन: लेगसी’मध्ये संगणकानं तरुण केलेला नट जेफ ब्रिजेस मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो. २०२४ च्या ‘एलियन: रोम्युलस’मध्ये २०२० साली वारलेले नट इयन होम यांचा चेहरा आहे. घरच्यांची परवानगी होती म्हणे, तरी मी खुर्चीत आक्रसून बसलो होतो.

अपवाद एकच. ‘२०४९’मध्ये खलनायक म्हाताऱ्या डेकार्डसमोर मूळ चित्रपटातली त्याची प्रेयसी रेचल उभी करतो. तीच केशरचना, तोच १९८२ चा चेहरा, दुसऱ्या अभिनेत्रीच्या अंगावर संगणकानं बसवलेला. डेकार्ड क्षणभर विरघळतो. मग “तिचे डोळे हिरवे होते” एवढं बोलून पाठ फिरवतो. पुढच्याच क्षणी त्या प्रतिमेला गोळी घातली जाते. बिनचूक नक्कल घडवण्यासाठी एवढा खटाटोप केला आणि नायकाला ती नाकारायला लावली! तिथं बसलेल्या आपल्यालाही तीच रेचल हवी असते, म्हणून तो प्रसंग इतका बोचतो.

वाईट सीक्वेल आला तर मूळ चित्रपट खराब होतो का? (नागपूर)

नाही, जुनी प्रत जागेवरच असते. तरी एक अपवाद माझ्या मनातून जात नाही. ‘टर्मिनेटर २’मध्ये आईनं, यंत्रानं, सगळ्यांनी जीव पणाला लावून ज्या पोराला, जॉन कॉनरला, वाचवलं, त्याला २०१९ च्या ‘टर्मिनेटर: डार्क फेट’नं सुरुवातीच्या काही मिनिटांतच मारून टाकलं. तेव्हापासून दुसरा भाग बघताना ते पोरगं हसलं की मला पुढचं दिसतं.

‘मिस्टर इंडिया’चा दुसरा भाग यावा का? (ठाणे)

२०२० मध्ये अली अब्बास जफर यांनी नवी त्रयी जाहीर केली, तेव्हा आपल्याला कुणी विचारलंदेखील नाही, असं मूळ दिग्दर्शक शेखर कपूर उघडपणे म्हणाले होते. अमरीश पुरी आणि श्रीदेवी आता नाहीत. पण खांबाखांबावर कॅमेरे असलेल्या शहरात एक साधा माणूस कुणालाच दिसत नाही, ही गोष्ट १९८७ पेक्षा आज जास्त रंगेल. मोगॅम्बोची नक्कल मात्र नको.

वडिलांना ‘ब्लेड रनर’ दाखवायचा आहे. कुठली आवृत्ती? थेट ‘२०४९’ लावला तर? (पुणे)

थेट नको, रेचलचा प्रसंग वाया जाईल. आधी २००७ ची ‘फायनल कट’ दाखवा. १९८२ ची थिएटरात आलेली आवृत्ती टाळा. तिला स्टुडिओच्या आग्रहानं निवेदन आणि गोड शेवट चिकटवला होता. ‘२०४९’ दुसऱ्या दिवशी, जेवणं उरकून लावा. १६३ मिनिटांचा आहे आणि पाऊण वेळ त्यात कुणी बोलत नाही. वडिलांना डुलकी लागली तर उठवू नका, पण रेचल येते तेव्हा उठवा.