तिसाव्या दिवसापर्यंतचा हिशेब

अनेक उत्तम आशीर्वाद.

ब्रिटनमधील जन्मजात हृदयदोषांच्या राष्ट्रीय नोंदणीच्या कामावर तू रुजू होते आहेस, हे वाचून फार समाधान वाटले. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवस जगणाऱ्या मुलांचे प्रमाण तिथे आता ९७ टक्क्यांहून अधिक आहे आणि त्याचा मलाही मनापासून आनंद आहे. परंतु त्या टक्केवारीत कोणाकोणाची मोजदाद झाली, हे तपासल्याखेरीज तिच्यावर विसंबू नकोस.

१९९१ ते १९९५ या काळात इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या रुग्णालयात ओपन हार्ट शस्त्रक्रियेनंतर एक वर्षापेक्षा कमी वयाची ३० ते ३५ बाळे अपेक्षेपेक्षा अधिक दगावली, असे २००१च्या चौकशी अहवालाने नोंदवले. राष्ट्रीय नोंदणी उभी राहिली ती याच दुःखातून. तिच्या सुरुवातीच्या एका वर्षातील शस्त्रक्रिया आणि कॅथेटर उपचारांच्या (रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून केलेल्या उपचारांच्या) नोंदी मृत्यूनोंदणीशी ताडून पाहिल्या, तेव्हा तीस दिवसांतील १९४ मृत्यूंपैकी ४२ रुग्णालयांनी दिलेल्या माहितीत आढळलेच नाहीत. यात लगेच लबाडी शोधू नकोस. बाळाला बाराव्या दिवशी घरी किंवा गावाजवळच्या रुग्णालयात पाठवतात, विसाव्या दिवशी ते तिथे दगावते, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या कागदावर मात्र ‘सुखरूप घरी’ एवढेच राहते.

दुसरी गोष्ट जोखमीची. पाच वर्षांच्या मुलाच्या हृदयातील छिद्र बुजवणे आणि सव्वादोन किलोच्या, एकच कार्यक्षम जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) असलेल्या नवजातावर नॉरवूड शस्त्रक्रिया, म्हणजे टप्प्याटप्प्याने करायच्या दुरुस्तीतला पहिला टप्पा, करणे यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. म्हणून वय, वजन, निदान, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि सोबतचे आजार धरून अपेक्षित मृत्युसंख्या काढतात आणि प्रत्यक्ष संख्या तिच्या शेजारी ठेवतात. सोबतच्या आजारांचा रकाना कोणी कंटाळून कोरा सोडला, तर अवघड रुग्ण कागदावर सोपा होतो आणि सर्वांत कठीण बाळे स्वीकारणारे पथकच दोषी दिसू लागते. शस्त्रक्रियागृहाची नोंदवही शेजारी घेऊन एकेक ओळ ताडण्याचे काम तुला रटाळ वाटेल, तरी ते कोणावर सोपवू नकोस.

आणि नॉरवूडच्या बाळांकडे वेगळे लक्ष दे. त्यांचा दुसरा टप्पा साधारण चार ते सहा महिन्यांनी येतो. मधल्या काळात घरी दगावलेले बाळ तीस दिवसांच्या हिशेबात जिवंतच राहते. ती नावे तू निराळी काढून ठेव.