फ्रॉक माळ्यावरून खाली काढ

"मावशी, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. वर्षभरापासून तिला गुलाबी, झालरीचा फ्रॉकच लागतो, वर प्लास्टिकचा मुकुट. पँट घाल म्हटलं की 'मी काय मुलगा आहे?' म्हणत भोकाड पसरते. मी इंजिनियर आहे, मुलगा-मुलगी भेद घरात नको म्हणून धडपडते. शेवटी चिडून सगळे फ्रॉक माळ्यावर टाकले, तर संध्याकाळी नवरा बर्डीच्या बाजारातून नवा घेऊन आला. म्हणे, 'माझी प्रिन्सेस आहे ती.' त्यात तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंदी ओढत फिरायचा सण, आलाय. सासूबाईंनी दिराच्या मुलाला चाकांचा नंदी आणलाय, हिला बांगड्या. मी हरले का?"
– एक आई, मनीषनगर, नागपूर

अगं, आधी ते फ्रॉक खाली काढ. तुझा राग बाजारावर आहे हे तिला कुठून कळणार? तिला एवढंच कळतं, की मला जे आवडतं ते आईला आवडत नाही.

आणि 'मी काय मुलगा आहे?' हा टोमणा समजू नकोस, ती खरंच विचारतेय. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच हे मांडलं होतं. आपण मुलगी आहोत हे पोरीला तिसऱ्या वर्षाच्या आसपास कळतं, पण कपडे बदलले, केस कापले तरी आपण मुलगीच राहणार, हे मनात पक्कं व्हायला सहावं-सातवं वर्ष उजाडतं. तोवर झालर सुटली तर मुलगीपणही सुटेल की काय, अशी धास्ती असते. वाद घालू नकोस, खेळ कर. तू नवऱ्याचा शर्ट चढव आणि विचार, "आता मी बाबा झाले का?" मग बाबाच्या डोक्यावर तिचा मुकुट ठेव. हसून हसून लोळेल, आणि हसता हसता थोडं कळेलही. पुढे शाळेत रुळल्यावर बऱ्याच मुली गुलाबी आपणहून सोडतात. काही नाही सोडत. नाही तर नाही.

रंगाचं म्हणशील, तर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले काही दुकानदार गुलाबी मुलग्यांना नि निळा मुलींना शोभतो असं सांगत होते. आपल्याकडे लग्नात नवरदेवाचा बाप गुलाबी फेटा बांधून मिरवतो, त्याला कोण काय म्हणतं? आणि डिस्नेने २००० च्या सुमारास वेगवेगळ्या सिनेमांतल्या राजकन्या एका छापाखाली आणून डब्यापासून चपलेपर्यंत सगळं विकायला काढलं. त्या दुकानदारीशी साडेचार वर्षांच्या पोरीने भांडावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे बाई.

मला खटकल्या त्या बांगड्या. तू त्यांच्यावर एक ओळ लिहून मोकळी झालीस. तान्ह्या पोळ्याला होतं काय ते डोळ्यांसमोर आण. पुतण्या दोरी धरून नंदी ओढत कॉलनीभर फिरेल. अनोळखी दारात उभा राहील, बोजारा, म्हणजे सणाचे खुशालीचे पैसे, मागेल, नाणी मुठीत घट्ट धरून पुढच्या घरी पळेल. तुझी लेक पायरीवर उभी राहून बांगड्या दाखवेल आणि जाणारे-येणारे म्हणतील, "किती गोड!" तो मागायला शिकला, ही दिसायला शिकली. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांचा एक अभ्यास आला होता. पाच वर्षांच्या मुली 'खूप खूप हुशार' म्हणून आपल्यासारख्या मुली-बायकांकडे बोट दाखवत होत्या, सहाव्या-सातव्या वर्षी ते प्रमाण घसरलं. तुझी अजून पाचचीही नाही. (दिव्या देशमुख आपल्या नागपूरची, जुलै २०२५ मध्ये बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, हे तिला जरूर सांग. पण 'फ्रॉक सोड आणि दिव्या हो' असं म्हणालीस तर तुझी-माझी कट्टी.)

तेव्हा एक नंदी हिलाही आण, छोटा चालेल. फ्रॉक नि मुकुटासकट ओढू दे. हल्ली कितीतरी मुली ओढतात. सासूबाईंना समानतेचं भाषण देऊ नकोस. "आई, हिलाही नंदी हवाय, तुमच्या हातानं पूजा करून द्या," एवढंच म्हण. "हे काय नवीन करून राहिली तू? पोरींना भुलाबाईचा सण आहे ना!" असं आलं, तर लगेच हो म्हण आणि यंदा पुतण्यालाही भुलाबाईला बसव. गाणी म्हणू दे, डबा हलवून खाऊ ओळखू दे. खाऊसाठी कोणता पोरगा नाही म्हणेल? सासूबाईंच्या मनात वाकडं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या लहानपणी जे पाहिलं तेच त्या करताहेत.

नवऱ्याच्या 'प्रिन्सेस'वरही माझा आक्षेप नाही, लाडाचं नाव आहे. फक्त बघ, तो तिला बूट स्वतः घालू देतो का, बागेत झोपाळ्यापाशीच ठेवतो की शिडीवरही चढू देतो. नंदीचं चाक तर हमखास निघतं. तेव्हा त्याने झटकन बसवून देऊ नये, पेचकस तिच्या हातात द्यावा आणि शेजारी बसावं. उशीर लागला तर लागू दे.

आणि जमलेला बोजारा "दे, मी ठेवते" म्हणून तिच्याकडून काढून घेऊ नकोस. फतकल मारून तिलाच मोजू दे. चुकली तर पुन्हा मोजेल.

तुझी,
मावशी