वाचक विचारतात : पाठीवर वजन आणि दुखरी नडगी

प्रश्न : वय ३१, खासगी कंपनीत अभियंता आहे. टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सेवा देणाऱ्यांच्या सेनेत, अधिकारी व्हायचंय, जमल्यास पॅरा बटालियनमध्ये (विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या तुकडीत). महिन्याभरापासून २० किलोची सॅक घेऊन धावतोय, आता नडगी दुखते. सराव थांबवला तर कच्चेपणा ठरेल का?

उत्तर : आधी थांबा. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, हाडाला मात्र महिने लागतात. दुखणं नडगीच्या आतल्या कडेने पसरलेलं असेल, तर बहुधा विश्रांतीने उतरेल. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच.

बरं वाटल्यावर ८ ते १० किलोपासून, आठवड्यातून एकदाच सुरुवात करा आणि चालाच. वजन घेऊन धावणं गुडघे-घोट्यांना फार महागात पडतं. वजन वाढवाल त्या आठवड्यात अंतर वाढवू नका. जड सामान सॅकमध्ये वर आणि पाठीला चिकटून ठेवा. ते खाली लोंबलं की माणूस पुढे वाकतो आणि कंबर धरते. पायमोजे दोन घाला, आत पातळ, वर जाड. ते ओले झाले की बदला. टाचेला चटका जाणवताच तिथे टेप लावा, फोड येईपर्यंत वाट पाहू नका.

आता कच्चेपणाबद्दल. १९४९ साली उभी राहिलेली टेरिटोरियल आर्मी तुमच्याकडून पूर्णवेळ सैनिक होण्याची अपेक्षा करत नाही. उलट, हाताला स्वतःचा कामधंदा असणं ही तिची अटच आहे. वर्षाकाठी साधारण दोन महिने प्रशिक्षण असतं, आणि गरज पडेल तेव्हा बोलावणं येतं. सेवेवरून परतल्यावर मालकाने कामावर परत घ्यावं, अशी तरतूद १९४८च्या कायद्यात आहे. म्हणजे उरलेले दहा महिने तुमच्यावर कुणी उस्ताद नसतो. तेव्हा शरीर शाबूत ठेवणं हे तुमच्याच गळ्यातलं काम, आणि आमच्या मते नागरिक-सैनिकाची खरी सेवा तिथेच सुरू होते.

दुखणं लपवून जो शिबिरात जातो, त्याची सॅक शेवटी शेजारच्या जवानाला उचलावी लागते. पॅराचे पंख, म्हणजे छत्रीधारी सैनिकाचा बिल्ला, मिळवायला आग्र्याला पाच उड्या माराव्या लागतात, त्यातली एक रात्रीची. तिथे जमिनीवर उतरताना पहिला हिसका याच नडगीला बसणार आहे.