वाचक विचारतात: ऑस्प्रेचं पोट जळतं, नाहीतर अख्खा पक्षी काळा

प्रश्न: कुंभारगावातून होडीने भिगवणच्या बॅकवॉटरला गेलो होतो. कॅमेरा मॅन्युअलवर, ऑटो आयएसओ चालू. ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) आकाशात असला की काळा ठिक्कर येतो आणि काठच्या बाभळींसमोरून गेला की पोटाचा पांढरा भाग पार उडतो, तपशीलच उरत नाही. मॅन्युअलवर असूनही असं का?
– एक वाचक, बारामती

उत्तर: अहो, तुमचं मॅन्युअल नावालाच मॅन्युअल आहे. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता; ती ऑटोवर म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते अजूनही कॅमेराच ठरवतोय. मागे लख्ख आकाश आलं की तो आयएसओ खाली आणतो, मागे गडद झाडी आली की वर नेतो, आणि पक्ष्यावर पडणारं ऊन मात्र तेवढंच आहे, ते दोन सेकंदात थोडंच बदलणार! तेव्हा ऊन स्वच्छ असेल तर ऑटो आयएसओ सरळ बंद करा आणि मागे काय आहे ते विसरा.

आता सेटिंग कशावरून धरायचं? भिगवणला बगळ्यांना काय तोटा. त्याच उन्हात उभा असलेला एखादा बगळा टिपा, हायलाइट अलर्ट (फोटोतला उडालेला भाग पडद्यावर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा आणि पांढरा भाग लुकलुकायचा थांबेपर्यंत एक्स्पोजर कमी करत या. हिवाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास ते साधारण एफ ६.३, शटर १/२०००, आयएसओ ४०० च्या आसपास येतं, पण आकडा पाठ करू नका, बगळा बघा. ऑस्प्रेचं पोटही पांढरंच, त्यामुळे तो बाजूने उन्हात उडत असेल तर हेच सेटिंग चालतं. मार्श हॅरिअर हा दुसरा शिकारी पक्षी आला, तो तपकिरी, तर अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजळ).

एक भानगड आहे. पक्षी डोक्यावर आला की त्याची खालची बाजू सावलीत जाते, तिथे बगळ्याचा हिशोब चालत नाही. तेव्हा एक-दीड स्टॉप वाढवा, आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. आणि ढग ये-जा करत असतील तर तुमचा ऑटो आयएसओच बरा, फक्त आकाशासमोर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करायची सोय) +१ किंवा थोडं जास्त ठेवा, झाडीसमोर परत शून्यावर किंवा त्याखाली आणा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा हे सांगायला नकोच, काळवंडलेले पंख नंतर बरेच उजळता येतात पण उडालेलं पांढरं परत येत नाही.

प्रश्न: कडबनवाडीच्या माळावर दुपारी काढलेले सापमार गरुडाचे सगळे फोटो मऊ, म्हणजे पुसट येतात. लेन्स ६०० मिमी, सर्व्हिसवाले म्हणतात लेन्स ठीक आहे. शटर १/३२०० ठेवूनही फरक नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर: सर्व्हिसवाले बरोबर बोलतायत. तापलेल्या माळावरची हवा थरथरते, आणि तुमच्या आणि गरुडाच्या मध्ये ती हवा जितकी जास्त तितकी पिसांची रेघ पुसट. शटर कितीही वाढवा, हलतंय ते वेगळंच. खात्री करायची तर हीच लेन्स सकाळी सातला जवळच्या दगडावर लावून बघा. उपाय म्हणजे सूर्य वर यायच्या आत काढा, नाहीतर पक्षी जवळ येण्याची वाट बघा. शिवाय गाडीतून काढत असाल तर एसी आधीच बंद करून काचा खाली ठेवा, कारण आतली गार आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळते आणि तोच प्रकार होतो. तसंही सकाळचं तिरपं ऊन पंखांच्या खालपर्यंत पोचतं, दुपारी ते मिळणारच नाही.

प्रश्न: सह्याद्रीच्या एका कड्यावर लांब चोचीची गिधाडं बसतात. भल्या पहाटे चढून जातो तरी फोटो निळसर, निर्जीव. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: उशिरा जा! कोकणाकडचे कडे पश्चिमेला तोंड करून आहेत, सकाळी ते सावलीतच असतात. ऊन लागतं ते दुपारनंतर, आणि कडा तापला की गिधाडं वर येणाऱ्या हवेवर घिरट्या घालतात, नशीब असेल तर डोळ्यांच्या पातळीवर. सकाळीच काढायचं असेल तर आकाश फ्रेमबाहेर ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारं सेटिंग) शेडवर, म्हणजे सावलीवर करा. कड्याचं नाव तुम्ही कळवलंत पण मी मुद्दाम छापत नाहीये, कारण हिवाळ्यात त्यांची घरटी असतात आणि जोडी एकच अंडं घालते. लांबूनच काढा, ड्रोन तर अजिबात नको.