खोका मुलांनाच बनवू द्या

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. प्राण्यांचं वर्तन मुलं व्हिडिओ बघून पटापट सांगतात पण स्वतः करून काहीच बघितलेलं नसतं. लॅब नाही, बजेटही नाही. काय करून घेऊ?
– एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: ताई, लॅबवाचून अडत नाही. पावसाळ्यात शाळेच्या आवारात वाणी किडे फिरतात ना, हात लावला की वेटोळं करणारे, त्यांच्यापासून सुरू करा. बुटांचे खोके, काळा कागद, फडकी, पाणी एवढं मुलांसमोर ठेवा आणि सांगा, हे किडे ओल्या जागी जातात की कोरड्या हे शोधायला खोका बनवा. तुम्ही मात्र बनवून देऊ नका!

एखादा गट हमखास ओल्या फडक्यावर झाकण घालेल आणि कोरडी बाजू उघडी ठेवेल, मग किडे ओल्याकडे गेले की झालं सिद्ध म्हणेल. तिथे विचारा, ओलाव्यासाठी गेले की अंधारासाठी? मग खोका मोडायचा, परत बनवायचा, आता दोन्हीकडे अंधार आणि फरक फक्त पाण्याचा. तरी कोणीतरी म्हणेल खिडकी त्याच बाजूला होती, तर खोका उलटा फिरवून परत बघायचं. खरं शिकणं या मोडण्या-बनवण्यात आहे असं मला मनापासून वाटतं, दोन तासिका गेल्या तर जाऊ द्या. वहीत ‘किड्यांना ओलं आवडलं’ असं नको, दहा किडे सोडले तर दर दोन मिनिटांनी कुठे किती, एवढंच लिहायचं.

प्राणिशास्त्रज्ञ निको टिनबर्गनची गोष्ट नक्की सांगा. वाळूत बीळ करणाऱ्या एका गांधीलमाशीच्या बिळाभोवती त्यांनी पाइनच्या सुक्या फळांचं कडं मांडलं आणि ती बाहेर गेल्यावर ते कडं बाजूला सरकवलं, तर परत आलेली माशी बीळ सोडून कड्याच्या मधोमध शोधत बसली. म्हणजे ती खुणा बघून घर ओळखत होती! सामान काय, तर झाडाखाली पडलेली फळं, आणि प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यात टिनबर्गन होते.

नंतर मुंग्यांची रांग घ्या, वाटेवर बोट घासलं की त्या का गोंधळतात हे मुलांनाच शोधू दे.

वाणी मात्र हाताने उचलायचे नाहीत, काही जाती दाहक द्रव सोडतात, पानावर घ्या. मधमाश्या, गांधीलमाश्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि किडे त्याच दिवशी, जिथून आणले तिथेच सोडा.